एअरब्रश पहिल्यांदाच घेतोय, नाशिकमध्ये आहे, सुरुवात नेमकी कुठून करू?

इंदिरानगर_३६

नमस्कार मंडळी. घरचा गणपती गेली सहा वर्षं मी स्वतःच करतोय, शाडूचा, दहा इंची, आणि रंगवतो पण घरीच साध्या ब्रशने. बाकी जमत गेलं हळूहळू, पण पितांबराच्या चुण्यांमधली सावली आणि गालावरची ती हलकी गुलाबी झाक काही केल्या येत नाही, कितीही पातळ रंग घेतला तरी ब्रशचे फराटे दिसतातच. मागच्या वर्षी शेजाऱ्यांकडे पेणची मूर्ती आली होती, तिच्यावर रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नव्हतं, तेव्हापासून एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोराने रंगाचा बारीक फवारा मारणारं ते पेनासारखं यंत्र, डोक्यात बसलाय.

दुसरं कारण बाबा. ते ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, १९८१ ला लागले तेव्हा तिथे मिग-२१ बिस तयार होत होती, पुढे मिग-२७, मग सुखोई. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर पूर्ण बघितला, एक शब्द बोलले नाहीत, नंतर बराच वेळ बाल्कनीत उभे होते. मी गुपचूप १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मिग-२१ बिसचं जोडायचं प्लास्टिकचं किट मागवलंय, ते नीट रंगवून त्यांना द्यायचंय, आणि हे ब्रशने केलं तर खेळणं वाटेल असं मला वाटतं.

आता प्रश्न. एअरब्रश नक्की कोणता घ्यावा, ऑनलाइन दीड हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत सगळं दिसतंय. कॉम्प्रेसर लागतोच का, की पंक्चरवाल्याकडचा छोटा पंप चालेल? तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, आवाज किती होतो? घरात ट्यूबमधले ॲक्रिलिक पडलेत ते चालतील का? आणि घरात पाच वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे वासाचं आणि धुराचं काय करायचं तेही सांगा. बजेट पंधरा हजारांच्या आत.

सातपूर_स्केल

भाऊ, बाबांसाठी करतोयस हे वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, पैसे हवेवर घाल. नवीन माणूस महागडा एअरब्रश घेतो आणि त्याला तो पेनाएवढा बिनटाकीचा मिनी पंप लावतो, मग हवा धक्क्याधक्क्याने येते, रेघ थरथरते आणि त्याला वाटतं आपला हातच वाईट. टाकी असलेला बिनतेलाचा पिस्टन कॉम्प्रेसर घे, ३ लिटरची टाकी पुरते. असे कॉम्प्रेसर बहुतेक ३ बार दाबाला आपोआप सुरू होतात आणि ४ बारला बंद होतात, त्यामुळे मधे शांतता मिळते आणि मोटर सतत तापत नाही. आवाज मिक्सरपेक्षा खूपच कमी, पण फरशीवर थेट ठेवलास तर कंपनं खालच्या घरात जातात, खाली जाड रबरी पायपुसणं टाक. त्यावर रेग्युलेटर आणि पाणी अडवायचा मॉइश्चर ट्रॅप हवाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की माझ्या ट्रॅपमध्ये एका संध्याकाळी खरोखर पाणी दिसतं, ते काढलं नाही तर रंगात थेंब येऊन मॉडेलवर डाग पडतो. टाकीच्या खाली एक स्क्रू असतो, काम झालं की तो सैल करून टाकीतलं पाणी सोडायचं, हे लोक विसरतात आणि टाकी आतून गंजते.

पंक्चरवाल्याचा पंप नको. मी कॉलेजात असताना गाडीच्या जुन्या टायरमध्ये हवा भरून त्यावर एअरब्रश चालवलाय, दोन-तीन मिनिटांत प्रेशर पडतं आणि मॉडेलचा अर्धा पंख एका छटेत, अर्धा दुसऱ्या छटेत.

एअरब्रश डबल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ मिमी नोझल (पुढचं छिद्र). म्हणजे वाटी वर असते, रंग आपोआप खाली येतो, कमी प्रेशरवर चालतो आणि चार थेंब रंगातही काम होतं. डबल ॲक्शन म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सिंगल ॲक्शन सोपा वाटतो पण त्यात रंग किती यायचा ते मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवावं लागतं, गालावरची झाक त्यात अवघड जाते. ०.२ च्या मोहात पडू नकोस, ते सारखं चोकअप होतं. दोन-अडीच हजारांचा चायनीज घेतलास तरी शिकायला पुरे, नंतर हात बसला की चांगला घे.

होज, म्हणजे हवेची नळी, घेताना थ्रेड (आटे) बघ. बऱ्याच एअरब्रशला १/८ बीएसपी मापाचा असतो आणि कॉम्प्रेसरला १/४, मधे ॲडॅप्टर लागतो. अंबड-सातपूरला न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात सहज मिळतो, एअरब्रश सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून बघ. टेफ्लॉन टेप फक्त हवेच्या जोडांना, नोझलजवळ अजिबात नाही, तिचा एक तुकडा आत गेला की दिवस गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किट आल्या आल्या किटवर मारू नकोस. पहिले आठ दिवस वाटीत पाणी आणि शाईपेनची साधी निळी शाई, खाली वर्तमानपत्र. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नको, त्यातली काही आत वाळली की निघत नाही. कागदावर चौकटी आख, प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक ठिपका मार, मग ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, मग बारीक सुरू होऊन जाड होणारी आणि परत बारीक होणारी रेघ. एकच नियम, हवा आधी सुरू आणि हवा शेवटी बंद, रंग मधे. म्हणजे दाब, हात हलव, ओढ, सोड, आणि हात थांबायच्या आधी रंग थांबलेला पाहिजे. रेघेच्या दोन्ही टोकांना गोळे येत असतील तर तू हा क्रम चुकवतोयस. हे बोटाला सवय होईपर्यंत करायचं, डोक्याला कळून उपयोग नाही.

पंचवटी_मूर्ती

वरच्या दादांनी मॉडेलचं सांगितलं, मी गणपतीचं सांगतो, आमचा घरचा मूर्तीचा व्यवसाय आहे आणि मी दहावीपासून गन धरतोय.

पहिलं म्हणजे मूर्ती पूर्ण वाळलेली पाहिजे. शाडू वरून पांढरा दिसला तरी आत ओला असतो, पावसाळ्यात तर आठवडे लागतात. हात लावून थंडगार लागली तर ओली आहे समजा. ओल्यावर रंग मारला की आठ दिवसांत पोपडे येतात. आधी पांढऱ्याचा हात, पातळ पातळ दोन वेळा, पिनहोल भरून घ्या, पांढरा चोख नसेल तर वरचा कुठलाही रंग मळकट दिसतो.

शेडिंगची खरी गंमत कोनात आहे. तुम्ही ब्रशने चुणीच्या खाचेत गडद रंग भरायला जाता म्हणून फराटे दिसतात. एअरब्रशने खाचेत भरायचंच नाही. पितांबर आधी सगळा पिवळा करून घ्या, मग गडद केशरी पातळ करून मूर्तीच्या खालच्या बाजूने, तिरकं वर बघत मारा. रंग फक्त चुणीच्या खालच्या अंगाला लागतो, वरची कड आपोआप उजळ राहते, जशी वरून उजेड पडल्यावर सावली पडते तशीच. तसंच पोटाच्या खाली, सोंडेच्या वळणात, कानामागे. गालाला गुलाबी मारायचा तर रंग इतका पातळ की पहिल्या हाताला काही दिसतच नाही असं वाटलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या हाताला दिसायला लागतो, तिथे थांबायचं. गाल बिघडतो तो घाईने.

डोळे मात्र आखणीच्या ब्रशनेच, त्यात मशीनचं काम नाही. आमच्याकडे आजही आखणी काकाच करतात, बाकी कोणी त्या ब्रशला हात लावत नाही.

आणि सोनेरी पावडर, पर्ल हे ०.३ मधून मारू नका, कण मोठे असतात, लगेच अडकतं, त्यासाठी ०.५ चा वेगळा स्वस्तातला ठेवा. हळद किंवा गेरू वापरत असाल तर मलमलीच्या कापडातून दोनदा गाळा. अजून एक विनंती, शाडूची मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणून आपण करतो ना, मग तिच्यावर ॲक्रिलिकचे जाड थर चढवू नका, प्लास्टिकचा पापुद्रा होतो आणि माती आत तशीच राहते. वाळल्यावरही पाण्यात सुटणारे रंग वापरा, एअरब्रशमधून ते उलट छान येतात.

गंगापूररोड_ताई

मी केकसाठी एअरब्रश वापरते म्हणून एकच गोष्ट. घरात लहान मुलगी आहे, उद्या तिच्या वाढदिवसाच्या केकवर तोच एअरब्रश वापरायचा मोह होईल. कृपया नको. एकदा त्यातून मॉडेलचा रंग किंवा थिनर गेला की कितीही धुतला तरी तो खाण्यासाठी वापरायचा नाही. माझा वेगळा आहे, वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी चिकटवलेली. कॉम्प्रेसर पण बिनतेलाचाच लागतो.

द्वारका_जुगाड

फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर भंगारातून हजार-बाराशेत मिळतो भाऊ, आवाज शून्य, वर गॅस सिलेंडरची रिकामी टाकी जोडायची, माझ्या मित्राचा चार वर्षं चालतोय. पंधरा हजार कशाला घालवायचे.

सातपूर_स्केल

द्वारका भाऊ, आवाजाचं खरंय, फ्रीजचा खूपच शांत असतो. पण नवीन माणसाला मी नाही सांगणार, आणि पाच वर्षांचं लेकरू असलेल्या घरात तर अजिबात नाही. तो कॉम्प्रेसर तेलावर चालतो आणि तेलाचा बारीक फवारा हवेबरोबर पुढे येतो, रंगाला डोळे पडतात, म्हणजे मधेच गोल गोल जागा सुटतात. आणि गॅसच्या टाकीला प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नीट न लावता हवा भरणं म्हणजे घरात काय ठेवतोय ते कळत नाही. ज्याला फिटिंगचं काम येतं त्याने करावं.

इंदिरानगर, वासाचं राहिलंच होतं. पाण्यातला रंग आहे म्हणून श्वासात गेला तर चालतो असं नाही. फवारा म्हणजे रंगाचे अतिशय बारीक थेंब, ते फुप्फुसात जातात. पाण्यातल्या रंगाला एन-९५ चालेल, पण लॅकर (तीव्र थिनरवरचे रंग) किंवा थिनर वापरायचं असेल तर एन-९५ वाफ अडवत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरच्या, म्हणजे अशी वाफ शोषणाऱ्या, कार्ट्रिजचा नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क लागतो. तू सुरुवातीला लॅकरकडे जाऊच नकोस. खिडकीत पुठ्ठ्याचा मोठा खोका, मागे एक्झॉस्ट पंखा, समोर तू, एवढा बूथ पुरतो, पण त्या पंख्यासमोर थिनर मारायचं नाही, साध्या मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ हे वाईट आहे. स्वयंपाकघर आणि देवघरातली समई दोन्हीपासून लांब. आणि मुलगी झोपल्यावर किंवा शाळेत असताना कर.

ट्यूबचे ॲक्रिलिक ब्रशसाठी असतात, घट्ट, रंगाचे कण जाडे. पातळ करून गाळून चालवता येतात, पण शिकताना दोन अडचणी एकदम नकोत. मॉडेलसाठी एअरब्रशचेच तयार रंग घे. फक्त एक लक्षात ठेव, प्रत्येक रंगाला त्याच कंपनीचं थिनर. टामियाचे रंग अल्कोहोलने छान पातळ होतात, पण तेच अल्कोहोल वालेहोच्या रंगात घातलंस तर दूध फाटावं तसं फाटतं आणि नोझलमध्ये रबर बनून बसतं. पातळ किती, तर दुधाएवढं. वाटीच्या कडेला एक थेंब वर ढकलून बघ, खाली ओघळताना मागे हलका थर राहिला पाहिजे. सरकन पाण्यासारखा गेला तर फार पातळ, तिथेच चिकटून बसला तर घट्ट. प्रेशर १५ ते २० पीएसआय, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत तेवढेच पौंड. प्राइमरला, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराला, २५ पर्यंत ने.

इंदिरानगर_३६

तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही सांगितलं तसंच केलं. टाकीवाला कॉम्प्रेसर साडेआठ हजारांना पडला, एअरब्रश बावीसशे, फिटिंग अंबडला, मास्क आणि बाकी सामान धरून तेरा हजारांत बसलं. वर्तमानपत्राचे दोन गठ्ठे संपवले. पहिल्या आठ दिवसांत रेघेच्या टोकांना गोळेच गोळे, अकराव्या दिवशी एकदम जाणवलं की बोट स्वतःहून करतंय, मी विचार करत नव्हतो.

पण कालपासून अडचण आहे. वाटीत रंग बुडबुडतोय, उकळी आल्यासारखा, आणि फवारा पुचपुच करत थुंकल्यासारखा येतोय. एअरब्रशच्या आतली सुई काढून पुसली, तरी तेच. आणि रंग सुरू केल्यावर पाच मिनिटांत टोकावर सुकतो, मग येतच नाही, मग एकदम गोळा पडतो. नोझल पान्याने अजून घट्ट करून बघू का?

सातपूर_स्केल

पाना ठेव खाली! नोझल इतकं बारीक असतं की जरा जास्त पिळलं की त्याचा थ्रेड तुटून आतच राहतो, मग तो काढणं महाकठीण. बोटाने घट्ट आणि पान्याने अगदी केसभर, बस.

वाटीत बुडबुडे म्हणजे हवा पुढे जायच्या ऐवजी मागे रंगाच्या वाटेने येतेय. तीन कारणं असतात. एक, नोझलमध्ये वाळलेला रंग. दोन, नोझल नीट बसलेलं नाही, तिथून हवा आत शिरते. तीन, नोझलला बारीक तडा. आधी नोझल काढून क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेव, सकाळी मऊ इंटरडेंटल ब्रशने आतून साफ कर, सुई कधीच पुढून मागे रेटून नोझल साफ करायचं नाही, टोक वाकतं आणि नोझलचं तोंड फाकतं. मग उजेडासमोर धरून तोंड गोल आहे का बघ. बसवताना थ्रेडवर किंचित मधमाशीचं मेण लाव, हवा अडते. तरी बुडबुडे आले तर नोझल बदल, स्वस्तात मिळतं.

टोकावर सुकणं हे प्रत्येक ॲक्रिलिकवाल्याचं आहे. रंगात रिटार्डरचा (सुकणं लांबवणारं द्रव) एखादा थेंब, प्रेशर जरा कमी, आणि ओल्या इअरबडने दर काही मिनिटांनी सुईचं टोक पुसत राहायचं, हवा बंद ठेवून. आमचं उन्हाळ्यात नाशिकच्या कोरड्या हवेत तर दर दोन मिनिटांनी पुसावं लागतं.

आणि रंग बदलताना धुतोस ना? वाटी ओत, पाणी, मग तोंडावर टिश्यू धरून ट्रिगर ओढ, उलटे बुडबुडे येऊन आतला रंग सुटतो, ते फेक, मग क्लीनर, शेवटी नितळ फवारा येईपर्यंत. दिवस संपला की सुई मागे काढून पुसायची. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड वापरू नकोस, आतलं पितळ खराब होतं. मला विचारशील तर या छंदात निम्मा वेळ धुण्यातच जातो, आणि जो धुतो त्याचाच एअरब्रश दहा वर्षं टिकतो.

पंचवटी_मूर्ती

आमच्याकडे नवीन पोराला पहिले सहा महिने फक्त गन धुवायलाच देतात. त्यातूनच त्याला आतला एकेक भाग कळतो.

इंदिरानगर_३६

नोझलच होतं, आत निळा रबरासारखा तुकडा निघाला. म्हणजे मीच एकदा वेगळं थिनर घातलं होतं, आता लक्षात आलं. भिजवून मेण लावून बसवला, बुडबुडे गेले.

आणि दुसरी गोष्ट. गुपचूप वगैरे राहिलं नाही, परवा कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बाबा आत आले. किटचा खोका बघितला, मग पंख हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिले आणि रेघा दाखवायला लागले, हे पॅनेल उघडतं, इथून अमुक तपासायचे, इथे रिवेट बदलायला किती त्रास व्हायचा. एवढं त्या विमानाबद्दल ते आयुष्यात बोलले नव्हते. मग म्हणाले की रंगाच्या शेडमध्ये रंग मारायला वेळ कमी लागायचा, पुसायला आणि मास्किंगलाच (नको तो भाग झाकायला) दिवस जायचा, तू पुसलंयस का? मी पुसलं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुऊन चाळणीत वाळत घातले. काल त्यांनी वर्तमानपत्रावर ट्रिगर धरून बघितला, हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

आता प्राइमर मारून झालाय. पुढचा क्रम सांगा, आणि बाबा म्हणतायत आपण चंदेरी करू, सुरुवातीच्या एफएल सारखं, म्हणजे मिग-२१ चा बिसच्या आधीचा प्रकार. जमेल का?

सातपूर_स्केल

बाबांना नमस्कार सांग. धुण्याचं त्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर, साच्यातलं तेल राहिलं तर प्राइमरच सुटतो, मी लिहायला विसरलो.

चंदेरी आत्ता नको. चंदेरीखाली गुळगुळीत चकचकीत काळा बेस लागतो आणि त्यात धुळीचा कण आला तरी ओरडून दिसतो. आणि तुझं किट बिसचं आहे, एफएलचं नाही, पाठीचा कणा आणि शेपटीजवळचा भाग वेगळा असतो, बाबांच्या ते नजरेतून सुटणार नाही. बिस राखीत कर, पॅनेलच्या रेघांवरून आधी गडद राखी बारीक फिरव, मग वरून हलका राखी पातळ पातळ, रेघ आतून जेमतेम दिसेल एवढाच. इथे ते ठिपके आणि रेघा कामी येतील. चंदेरी एफएल दुसरं किट म्हणून ठेव.

मग ग्लॉस वार्निश, त्यावरच डिकल, म्हणजे खुणांचे स्टिकर, लाव. मॅटवर लावलेस तर खाली हवा अडकून पांढरट चमकतात. ग्लॉस पूर्ण एक दिवस वाळू दे. शेवटी मॅटचा हात. आणि नाकापुढची ती लांब पिटो नळी आत्ता लावू नकोस, हाताळताना दहापैकी नऊ वेळा तुटते, सगळं झाल्यावर लाव.

इंदिरानगर_३६

पिटो बाबांनी आधीच काडेपेटीत ठेवून कपाटात टाकलीय, मला न विचारता. राखी ठरला. उद्या रविवार, मुलगी आजोळी जातेय, सकाळी नऊला सुरू करतो. गणपतीला श्रावणात हात घालेन, तेव्हा पंचवटी दादा तुम्हाला परत त्रास देईन.

पंचवटी_मूर्ती

या ना, बिनधास्त. मूर्ती मात्र आषाढातच करून सावलीत वाळत ठेवा, श्रावणापर्यंत थांबलात तर ओलीच राहील.